दौधन धरणाचं पाणी एमपीला किती, यूपीला किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्वाल्हेरमधल्या आपल्या मराठी मंडळींत केन-बेतवाचा, म्हणजे केन नदीचं पाणी नहरेने बेतवेत न्यायच्या प्रकल्पाचा, विषय निघाला की तेच तेच प्रश्न येतात, कारण कुणाची जमीन दतियाकडे आहे, कुणाचं माहेर झाशीचं, कुणाचा मुलगा छतरपूरला नोकरीला. पेपरात आकडे मोठे मोठे येतात पण ते आकडे कसे काढले आणि आपल्यापर्यंत काय पोचणार हे कुणी सांगत नाही, म्हणून सगळे प्रश्न एका जागी घेतलेत. गणित शाळेतल्या भागाकारापलीकडचं नाही, पण थोडं सावकाश वाचा.

आधी हे सांगा, दौधन धरण नक्की कुठे होतंय?

केन नदीवर, छतरपूर आणि पन्ना जिल्ह्यांच्या हद्दीवर, पन्ना व्याघ्र प्रकल्पाच्या आत. जुना गंगऊ बांध आहे ना, त्याच्या अडीचेक किलोमीटर वरच्या बाजूला. उंची ७७ मीटर. २२ मार्च २०२१ ला केंद्र, एमपी आणि यूपी यांचा करार झाला, त्याच वर्षी डिसेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने ४४,६०५ कोटींना मंजुरी दिली आणि २५ डिसेंबर २०२४ ला खजुराहोत पायाभरणी झाली. धरणापासून २२१ किलोमीटरची नहर निघून झाशीजवळ बरुआसागरच्या बाजूने बेतवेला मिळणार, परीछा बंधाऱ्याच्या थोडी वर.

केन कटनी जिल्ह्यात उगम पावते आणि बांद्याच्या पुढे यमुनेला मिळते. बांदा म्हणजे बाजीरावांच्या वंशजांचं, तेव्हा ही नदी आपल्या इतिहासाला अगदीच परकी नाही.

धरण केवढं मोठं? महाराष्ट्रातल्या कुठल्या धरणाएवढं?

एकूण साठा २,८५३ दलघमी, म्हणजे दशलक्ष घनमीटर. महाराष्ट्रातल्या नातेवाईकांना टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत, सांगायचं तर २८.३ ने भागा, जवळजवळ १०१ टीएमसी येतात. म्हणजे जायकवाडीएवढं, कोयनेपेक्षा किंचित कमी. पण त्यातला तळाचा भाग मृतसाठा असतो, तो गाळासाठी सोडलेला, तिथलं पाणी नहरेत येत नाही. वापरता येईल असा जिवंत साठा २,६८४ दलघमी. वाटपाची चर्चा करताना हाच दुसरा आकडा धरायचा, एकूण साठ्याचा आकडा भाषणात बरा दिसतो पण वाटताना उपयोगाचा नाही.

कुणाला किती ठरलंय?

वर्षाला एमपीला २,३५० दलघमी आणि यूपीला १,७००. बेरीज ४,०५०. सिंचन सांगितलंय १०.६२ लाख हेक्टर, त्यात एमपीचं ८.११ लाख आणि यूपीचं २.५१ लाख. पिण्याचं पाणी साधारण ६२ लाख लोकांना. वीज १०३ मेगावॅट.

थांबा, साठाच २,६८४ चा आणि वाटणार ४,०५०? हे कसं जमतं?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येकजण विचारतो आणि बरोबरच विचारतो. उत्तर असं की धरण वर्षातून एकदा भरून एकदाच रिकामं होतं असं नाही. जून ते ऑक्टोबर नदी वाहत असते, तेव्हा एकीकडून पाणी येतंय आणि दुसरीकडून खरीपासाठी सोडलं पण जातंय. म्हणजे पावसाळ्यातला वापर हा वाहत्या पाण्यावर होतो आणि नोव्हेंबर ते मे हा साठवलेल्या पाण्यावर. या दोन्हींचा हिशेब वेगवेगळा मांडल्याशिवाय काहीच कळत नाही.

मग नोव्हेंबर ते मे मध्ये कुणाला किती?

खरा विषय इथे आहे. करारात नोव्हेंबर ते मे साठी यूपीला ७५० आणि एमपीला १,८३४ दलघमी आहेत. याच आकड्यावर दोन राज्यांचं कित्येक वर्षं अडलं होतं, यूपी ९००-९३५ च्या आसपास मागत होतं आणि एमपी ७०० च्या वर जायला तयार नव्हतं, शेवटी ७५० ला मिटलं.

आता वजाबाकी करून बघा. यूपीच्या १,७०० मधून ७५० गेले की ९५० उरतात, ते पावसाळ्यातले. एमपीच्या २,३५० मधून १,८३४ गेले की उरतात फक्त ५१६. वर्षाचं वाटप बघितलं तर यूपीला ४२ टक्के दिसतात, पण कोरड्या महिन्यांचं बघितलं तर २९ टक्केच. म्हणजे यूपीच्या वाट्याचं अर्ध्याहून जास्त पाणी अशा महिन्यांत येणार जेव्हा आकाशातूनही पाणी पडत असतं. गहू, हरभरा, मसूर, उन्हाळ्यातलं पिण्याचं पाणी हे सगळं त्या ७५० मध्ये. झाशीचे आमचे नातेवाईक १,७०० चा आकडा धरून बसलेत, त्यांना मी दर वेळी हेच सांगतो की तुमचा आकडा ७५० आहे, तो पाठ करा.

अर्थात पावसाळ्यातलं ९५० वाया जाईल असं नाही. महोबा, बांदा, झाशी हा सगळा भाग चंदेलांच्या तलावांचा, महोब्याला मदनसागर, कीरतसागर, विजयसागर, इकडे बुंदेल्यांचं बरुआसागर. हे तलाव गाळ काढून नीट केले आणि पावसाळ्यातलं नहरेचं पाणी त्यांत भरून घेतलं तर त्या ९५० मधला बराच हिस्सा रबीला कामी येईल. माझ्या मते यूपीने सगळ्यात आधी या कामावर पैसा घालायला पाहिजे, नहर येईपर्यंत वाट बघत बसू नये.

७५० अधिक १,८३४ म्हणजे २,५८४, आणि जिवंत साठा २,६८४. म्हणजे शंभरच उरतात?

हो. एक नोव्हेंबरला धरण काठोकाठ भरलेलं असलं तरी जवळजवळ सगळं पाणी आधीच वाटून झालेलं आहे. त्या उरलेल्या शंभरातून उन्हाने जाणारं पाणी निघायचं. पूर्ण भरल्यावर तलावाचं क्षेत्र ९० चौरस किलोमीटरच्या आसपास, बुंदेलखंडात नोव्हेंबर ते मे मिळून बाष्पीभवन साधारण एक मीटरचं धरा, पाणी उतरत जातं तसं क्षेत्रही कमी होतं म्हणून सरासरी ५५ चौरस किलोमीटर धरलं तरी पन्नास-साठ दलघमी हवेत जातात. वर नदीसाठी सोडायचं पाणी वेगळं, खाली केन घडियाल अभयारण्य आहे, रनेह धबधबा आहे, तिथे नदी कोरडी ठेवून चालणार नाही. हिवाळ्यात नदीला थोडा प्रवाह असतो, तो जमेला धरता येतो, पण केनचा उन्हाळ्यातला प्रवाह फारच बारीक असतो.

हिशेब चुकीचा आहे असं मी म्हणत नाहीये, हिशेब बसतो. पण तो अगदी घट्ट बसतो, धरण न भरलेल्या वर्षासाठी त्यात जागा उरत नाही.

धरण दर वर्षी भरेल हे कशावरून?

दर वर्षी भरेल असं कुणीच म्हणत नाही. सिंचनाची धरणं आपल्याकडे ७५ टक्के विश्वासार्हतेवर आखतात. समजा चाळीस वर्षांचे नदीचे आकडे आहेत, ते मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने लावा, तिसाव्या नंबरच्या आसपास जो आकडा येतो तो ७५ टक्क्यांचा. तेवढं किंवा त्याहून जास्त पाणी चारातल्या तीन वर्षी येतं. चौथ्या वर्षी कमी. म्हणजे चौथं वर्ष तुटीचं असणार हे आराखड्यातच मान्य केलेलं आहे, ते वर्ष आलं की कुणी फसवलं म्हणून ओरडायचं नाही, पण ते वर्ष कसं काढायचं हे आधीच ठरवून घ्यायचं. पिण्याच्या पाण्यासाठी मात्र शंभर टक्क्यांच्या जवळची खात्री धरतात, विजेला ९०.

आपल्या ग्वाल्हेरला हे नवीन नाही. शहराला पाणी देणारं तिघरा धरण माधवराव शिंदे महाराजांच्या काळात १९१६ ला बांधलं, विश्वेश्वरय्यांचे आपोआप उघडणारे दरवाजे तिथे बसवले होते, आणि आजही पाऊस कमी झाला की शहरात एक दिवस आड पाणी येतं. तिघऱ्याचा साठा काय आहे हे सगळ्यांना तोंडपाठ असतं, तो किती वर्षांत पूर्ण भरतो हे फार थोड्यांना माहीत असतं.

केनमध्ये एकूण पाणी आहे किती?

दौधनच्या वर पाणलोट साधारण १९,६०० चौरस किलोमीटर. पाऊस वर्षाला ढोबळ अकराशे मिमी धरला तर वरून पडणारं पाणी झालं साडेएकवीस हजार दलघमी. ७५ टक्क्यांचा प्रवाह जुन्या अहवालात ६,१८८ होता, नंतरच्या प्रकल्प अहवालात ६,५९० दलघमी. म्हणजे पडलेल्या पावसातलं साधारण तीस टक्के नदीत येतं, बाकी जमिनीत, झाडात, हवेत. ३० टक्के हे काही अशक्य नाही, विंध्याच्या खडकाळ भागात इतकं पाणी वाहतं.

पण हा ६,५९० चा आकडा सगळा मिळून आहे, वरच्या लोकांनी वापरलेलं धरून. वरच्या बाजूला सोनार, बेअरमा या नद्या सागर-दमोह भागातून येतात, तिथेही छोटी-मोठी धरणं आहेत आणि होतायत. ६,५९० मधून वाटपाचे ४,०५० काढले की २,५४० उरतात, आणि त्यातून वरच्या भागातला सगळा वापर, वर्षभराचं बाष्पीभवन, नदीचं पाणी हे भागवायचं. सागर-दमोहच्या शेतकऱ्याला पाणी नको का? त्याचा हक्क तर पहिला. त्यामुळे वरचा वापर जसा वाढेल तसा दौधनमध्ये येणारा प्रवाह कमी होत जाणार आणि पंचवीस वर्षांनी कोण किती वापरत असेल हे आज धरावं लागतं. अंदाज चुकण्याची सगळ्यात मोठी जागा माझ्या मते हीच आहे.

हे आकडे आपल्याला तपासता येतात का?

अर्धवट. केन यमुनेला मिळते म्हणजे गंगेच्या खोऱ्यात आली, आणि गंगा खोऱ्यातले नदीच्या प्रवाहाचे आकडे गोपनीय धरले जातात, सर्वसामान्य माणसाला मिळत नाहीत. सुप्रीम कोर्टाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने २०१९ च्या अहवालात या प्रकल्पाच्या पाण्याच्या हिशेबावर आणि पर्यायांचा विचार झाला की नाही यावर प्रश्न उपस्थित केले होते. मला धरणविरोधक म्हणा किंवा समर्थक म्हणा, एक गोष्ट मी मनापासून मागतो, महिन्यावार प्रवाहाचे आकडे उघडे करा. ज्याच्या शेतात पाणी येणार त्याला आणि ज्याचं गाव बुडणार त्याला, दोघांनाही ते बघायचा सारखाच अधिकार आहे.

आकडा चुकला तर काय होतं? असं आधी झालंय का?

झालंय आणि घराजवळच झालंय, नर्मदेत. नर्मदा लवाद १९६९ ला नेमला, निवाडा १९७९ ला आला. त्यात ७५ टक्क्यांचं पाणी २८ दशलक्ष एकर फूट धरलं आणि वाटलं, एमपी १८.२५, गुजरात ९, राजस्थान ०.५ आणि महाराष्ट्र ०.२५. हा २८ चा आकडा राज्यांनी आपसात मान्य केलेला होता. नर्मदेवर गरुडेश्वरला प्रत्यक्ष मोजमाप १९४८ पासूनचं, त्याच्या आधीची वर्षं पावसावरून मागे मागे काढलेली. पुढे मोजलेल्या बेचाळीसेक वर्षांच्या आकड्यांवरून हिशेब केला तेव्हा तो २३ च्या आसपासच निघाला. म्हणजे पाच दशलक्ष एकर फुटांचा फरक, म्हणजे सहा हजार दलघमीच्या वर, म्हणजे दौधनसारखी दोन धरणं. एमपीने त्यावर बरंच भांडून पाहिलं पण सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २००० च्या निकालात लवादाचा निवाडा बंधनकारक धरला.

नर्मदेच्या निवाड्यातली एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. पाणी कमी पडलं किंवा जास्त झालं तर ते कुठल्या प्रमाणात वाटायचं हे तिथे लिहून ठेवलंय, ७३ : ३६ : २ : १. म्हणून आकडा चुकला तरी भांडण प्रमाणावर होत नाही. महाराष्ट्राच्या वाट्याचे १०.८९ टीएमसी म्हणजे नंदुरबारकडे जे पाणी न्यायची चर्चा चालते ते त्या शेवटच्या १ मधलं.

दुष्काळी वर्षात दौधनचं वाटप कसं दिसेल? उदाहरण द्या.

हे पूर्णपणे समजावण्यासाठी घेतलेलं उदाहरण आहे. समजा पाऊस कमी झाला आणि एक नोव्हेंबरला जिवंत साठा ७० टक्केच भरला, म्हणजे १,८७९. बाष्पीभवन आणि नदीसाठी मिळून शंभर काढा, उरले १,७७९. मागणी २,५८४ ची. भागाकार केला तर ६९ टक्के पुरेल. दोघांनी सारख्या प्रमाणात सोसलं तर यूपीला ७५० ऐवजी ५१६ आणि एमपीला १,८३४ ऐवजी १,२६३.

आता यात पिण्याचं पाणी आधी काढून ठेवायचं, ते कमी करता येत नाही, म्हणजे सगळी तूट सिंचनावर येणार आणि सिंचनातही नहरेच्या शेवटच्या टोकावर. धरणाजवळचा शेतकरी तीन पाणी घेईल आणि शेवटच्याला एकही मिळणार नाही, हे आपण बेतवेवरच्या राजघाट धरणाच्या नहरेवर दतियाकडे बघतोच. तेव्हा राज्याला किती मिळणार याचा अंदाज वेगळा आणि शेवटच्या मायनरवर, म्हणजे छोट्या नहरेवर, किती पोचणार याचा वेगळा.

आणि एक. तुटीच्या वर्षी नुसतं केनमध्येच पाणी कमी असेल असं नाही. बेतवेचं खोरं केनला लागूनच आहे, मान्सून एकच, त्यामुळे ज्या वर्षी बेतवेला पाण्याची सगळ्यात जास्त गरज असेल त्याच वर्षी केनमध्येही पाणी कमी असण्याची शक्यता मोठी. दोन्ही नद्यांची सरासरी वेगवेगळी बघून एकीत जादा आणि एकीत तूट असं म्हणता येतं, पण दोन्हींची वाईट वर्षं शेजारी शेजारी मांडून बघितली पाहिजेत.

काका, आमची जमीन शिवपुरी जिल्ह्यात, आम्हाला केनचं पाणी कधी येणार?

बाळा, केनचं पाणी शिवपुरीला वर चढून येणार नाही. शिवपुरी, विदिशा, सागर या वरच्या भागाला अदलाबदलीने पाणी मिळणार आहे. बेतवेचं जे पाणी आत्ता खाली यूपीकडे जातं, त्यातलं काही वरच अडवायचं, ओर नदीवर लोअर ओर धरण, विदिशाकडे कोठा बॅरेज, सागरकडे बीना संकुल, आणि खाली यूपीचं जे कमी पडेल ते केनच्या नहरेतून परीछाच्या वर भरून द्यायचं. म्हणजे तुझ्या शेतात येणारं पाणी ओरचं असेल.

याचा अर्थ लक्षात घे, वरची धरणं आधी झाली आणि दौधनची नहर मागे राहिली तर मधल्या वर्षांत झाशीकडचं पाणी कमी होणार. दोन्ही कामं एकमेकांच्या बरोबर चालली पाहिजेत, हे अंदाजपत्रकात दिसत नाही पण भांडणं यावरूनच होतात.

पिण्यासाठी खूप पाणी जाईल आणि शेतीला उरणार नाही असं ऐकलं.

उलट आहे. ६२ लाख माणसं, दर माणशी रोज ५५ लिटर (जल जीवन मिशनचं प्रमाण), तर वर्षाला १२५ दलघमी होतात. गळती वगैरे धरून दीडशे-दोनशे म्हणा, तरी ४,०५० च्या पाच टक्क्यांच्या आतच. शिवाय घरात वापरलेलं बरंचसं पाणी सांडपाणी म्हणून परत येतं, हिशेबात ८० टक्के धरायची पद्धत आहे. पिण्याच्या पाण्यावरून शेतकऱ्याला घाबरवू नये.

मग एका हेक्टरला किती पाणी येतं?

यूपीचं बघू. ७५० दलघमी भागिले २.५१ लाख हेक्टर म्हणजे शेतभर पसरलं तर ३० सेंटीमीटर. पण हे धरणाच्या दारातलं. नहर, शाखा, पाट असं करत शेतात पोचेपर्यंत निम्मं राहिलं तर १५ सेंटीमीटर, म्हणजे मोठी दोन पाणी. गव्हाला चार ते पाच लागतात, हरभऱ्याला एक-दोनात भागतं. सगळं क्षेत्र रबीला एकदम पेरलं जातं असं नाही, विहिरींचं पाणीही असतं, नहरेमुळे विहिरींची पातळी वाढते ते वेगळं. तरीपण हे पाणी हरभरा-मसूर-मोहरीचं आहे, सगळीकडे गहू आणि त्यावर उन्हाळी मूग किंवा मेंथा (तेलाचा पुदिना) घ्यायचा म्हटलं तर शेवटच्या गावांना काही मिळणार नाही.

पाइपने दाबाखाली पाणी दिलं तर गळती बरीच कमी होते, एमपीमध्ये नवीन योजनांत हल्ली तेच करतात. तेच ७५० पाइपने नेले तर शेतात १५ ऐवजी बावीस-चोवीस सेंटीमीटर पोचू शकतं. उंच धरण बांधण्याइतकंच हे महत्त्वाचं आहे असं मला वाटतं, आणि याला जंगल बुडवावं लागत नाही.

बरियारपूरच्या जुन्या नहरेचं काय होणार?

बरियारपूर बंधारा १९०५ चा आणि गंगऊ १९१५ चा, दोन्ही एमपीच्या हद्दीत पण चालवतं यूपीचं सिंचन खातं, आणि बांद्याची शेती पिढ्यान्पिढ्या त्यावर. नवीन धरणाचा फायदा मोजताना ही जुनी शेती नवीन म्हणून मोजायची नाही. जिथे आधीच पाणी होतं तिथे खात्री वाढणं हाही फायदाच आहे, पण तो वेगळ्या रकान्यात लिहा.

गाळाने साठा कमी होईल का?

होईलच. तुंगभद्रेचं बघा, १९५३ च्या सुमाराला १३३ टीएमसी होतं, आता १०५ च्या आसपास राहिलंय, आणि तिथे कर्नाटक, आंध्र, तेलंगण सगळ्यांनाच त्याची झळ बसते. दौधनच्या पाणलोटात जंगलही बरंच आहे हे त्याचं नशीब, ते जंगल टिकलं तर धरण टिकेल. म्हणून व्याघ्र प्रकल्पाच्या आत एवढी जमीन बुडवताना उरलेलं जंगल राखणं ही धरणाचीच गरज आहे. २००९ मध्ये पन्न्यात एकही वाघ राहिला नव्हता, बाहेरून वाघ आणून तो परत उभा केलाय.

चंबळच्या नवीन योजनेतही हेच प्रश्न आहेत का?

हो, आणि ती तर आपल्या अंगणातली. पार्वती-कालीसिंध-चंबळसाठी २८ जानेवारी २०२४ ला एमपी, राजस्थान आणि केंद्राचा समजुतीचा करार झाला. तिथे वाद कितीतरी वर्षं एकाच गोष्टीवर होता, राजस्थानची पूर्वीची योजना ५० टक्के विश्वासार्हतेवर आखलेली आणि एमपीचं म्हणणं ७५ धरा. ५० टक्के धरलं की कागदावर पाणी जास्त दिसतं आणि धरणं मोठी करता येतात, पण दर दुसऱ्या वर्षी तूट. वरच्या राज्याला भीती की खालचा एकदा जास्त पाण्याची सवय लावून घेईल आणि मग सोडणार नाही. दोघांचं म्हणणं समजण्यासारखं आहे. कुठल्याही योजनेचा आकडा कानावर आला की तो ५० चा की ७५ चा हे आधी विचारा.

हा अंदाज घरी बसून करता येईल का? माझा भाचा इंजिनीअरिंगला आहे.

अगदी येईल, एक्सेलमध्ये. हवामान खात्याचे जिल्हावार मासिक पावसाचे आकडे घ्या, राष्ट्रीय जल विकास अभिकरणाच्या साइटवर प्रकल्प अहवाल आहे, धरणांचे रोजचे साठे इंडिया-डब्ल्यूआरआयएसवर मिळतात. प्रवाहाचे आकडे नाहीत म्हणून पावसावरून काढायचे, त्याला स्ट्रेंजचा तक्ता अजून चालतो, तो मुंबई इलाख्यासाठीच केला होता. मग एक ओळ म्हणजे एक महिना: सुरुवातीचा साठा, अधिक आलेलं पाणी, वजा पिण्याचं, वजा नदीचं, वजा सिंचन, वजा बाष्पीभवन. उत्तर २,६८४ च्या वर गेलं तर वरचं सांडव्यावरून गेलं, शून्याच्या खाली गेलं तर तेवढी तूट. असे तीस-चाळीस वर्षांचे महिने ओळीने मांडायचे, मधलं एकही वर्ष वगळायचं नाही, कारण दोन वाईट वर्षं लागोपाठ आली की काय होतं हे सरासरीत कधीच दिसत नाही.

यूपी आणि एमपीचे रकाने वेगळे ठेवा, पावसाळा आणि कोरडे महिने वेगळे ठेवा. सोनार-बेअरमाच्या भागातला वापर दहा टक्क्यांनी वाढवून एकदा आणि वीस टक्क्यांनी वाढवून एकदा तेच गणित परत चालवा. मग किती वर्षांत यूपीचे ७५० पूर्ण झाले आणि किती वर्षांत एमपीचे १,८३४, ते मोजा. भाच्याला म्हणावं शीट तयार झाली की पाठव, झाशीच्या आणि दतियाच्या मंडळींना एकत्र बसवून दाखवू.